थर्मामीटर हलत नाही तेव्हा

वितळण्याबद्दल आपण बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो: किती अंशांना? सोने १,०६४ अंशांना, तांबे १,०८५ ला, कथील २३२ ला, बर्फ शून्याला. शाळेत द्रवणांकांचा हा तक्ता पाठ केलेला असतो आणि परीक्षेतही तोच विचारतात. भट्टीपुढे उभा असलेला माणूस, बर्फाचा कारखानदार आणि हिमनद्यांचा अभ्यासक यांच्या डोक्यात मात्र दुसरा प्रश्न असतो: उष्णता किती लागेल? पहिल्याचे उत्तर माहीत असले म्हणून दुसऱ्याचे कळत नाही. पुढची सगळी प्रकरणे या दुसऱ्या प्रश्नाची आहेत, आणि पहिल्याशी त्याची गल्लत का होते, हे या प्रस्तावनेत सांगायचे आहे.

एक तोळा सोने घ्या. खोलीच्या तापमानापासून त्याचा रस होईपर्यंत त्याला लागते सव्वादोन ते अडीच किलोज्यूल उष्णता. तेवढ्यात अर्धा कप पाणी जेमतेम पाच-सहा अंशांनी तापेल. चहा राहिला बाजूला, कोमटसुद्धा धड होणार नाही. सोनाराचे काम अवघड असते ते निराळ्या कारणाने. ही एवढीशी उष्णता त्याला हजार अंशांच्या वर नेऊन द्यायची असते, म्हणून फुंकणी, म्हणून मूस, म्हणून ज्योतीचे टोक नेमके कुठे धरायचे याची वर्षानुवर्षांची सवय. बर्फाचे नेमके उलटे आहे. तो शून्य अंशालाच वितळतो, त्याला ना भट्टी लागते ना भाता. पण एक किलो बर्फाचे एक किलो पाणी व्हायला ३३४ किलोज्यूल लागतात आणि ते पाणी तरीही शून्य अंशाचेच राहते. तेवढ्या उष्णतेत, वाया काहीच गेले नाही असे धरले, तर सव्वाशे तोळ्यांहून जास्त सोने वितळले असते.

बर्फ वितळत असताना थर्मामीटर हलत नाही, ही गोष्ट इतकी साधी आहे की ती पाहायला माणसाला फार उशीर लागला. गार देशांतल्या लोकांनी हजारो वर्षे दर वसंतात बर्फ वितळताना पाहिला होता. तरी अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत विद्वानांचा समज असा होता की एखादा पदार्थ द्रवणांकाला पोचला की आणखी किंचित उष्णता मिळताच तो सगळाच्या सगळा द्रव होतो. ग्लासगो विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या जोसेफ ब्लॅक यांना हे पटेना. त्यांचे म्हणणे सरळ होते: असे असते, तर थंडी संपताच पहिल्या उबदार दिवशी डोंगरावरचा सगळा बर्फ एकदम वितळून दरवर्षी खोरीच्या खोरी वाहून गेली असती. तसे होत नाही. ऊन पडते, हवा उबदार होते, आणि बर्फ आठवडेच्या आठवडे तसाच पडून राहतो. म्हणजे त्याच्यात उष्णता जात असणार, पण थर्मामीटरला ती दिसत नसणार.

१७६१ च्या हिवाळ्यात त्यांनी जो प्रयोग केला, तो आजही कुणाला घरी करता येईल इतका साधा आहे. पातळ काचेचे दोन सारखे गोल घेतले, दोन्हींत सारखेच पाणी भरले. एका गोलातले पाणी गोठवले, दुसऱ्यातले गोठणबिंदूच्या अगदी जवळ आणून ठेवले. मग दोन्ही गोल एका मोठ्या, थंड, वारा नसलेल्या दालनात टांगून ठेवले. नुसत्या पाण्याचा गोल अर्ध्या तासात सात फॅरेनहाइट अंशांनी तापला. बर्फाच्या गोलाला त्याच तापमानाला पोचायला साडेदहा तास लागले, म्हणजे एकवीसपट वेळ. दालन तेच, हवा तीच, काचही तीच. तेव्हा दोघांना ताशी उष्णताही सारखीच मिळत असणार, हे ब्लॅक यांचे गृहीतक. जास्तीच्या वेळात गोलात शिरलेली उष्णता बर्फाने पोटात घेतली होती. आजच्या मापात त्यांचे उत्तर सुमारे ७८ सेल्सिअस अंश निघते, म्हणजे ज्या उष्णतेने एक किलो बर्फ वितळतो, तिने एक किलो पाणी ७८ अंशांनी तापेल. आज आपण ८० मानतो. काचेचे दोन गोल, एक थर्मामीटर आणि बरीचशी चिकाटी एवढ्या भांडवलावर अडीचशे वर्षांपूर्वी इतके जवळ पोचणे, याला तोड नाही.

ब्लॅक यांनी हे कधी छापले नाही. वर्गात शिकवत राहिले, विद्यार्थी टिपणे काढत राहिले, आणि त्यांची व्याख्याने पुस्तकरूपाने आली ती १८०३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. आपल्याकडे दहावीच्या विज्ञानात याला ‘अप्रकट उष्मा’ म्हणतात. दोन-चार पानांत व्याख्या, आलेख आणि सूत्र येते, मग थेट गणिते सुरू होतात. आलेखातली ती आडवी रेघ, जिथे वेळ जातो आणि तापमान वाढत नाही, मुले पट्टीने आखतात आणि पुढे जातात. त्या रेघेवर थांबायला वर्गात सवड नसते. म्हणून इथे जरा थांबू.

एकोणिसाव्या शतकात त्या आडव्या रेघेवर एका माणसाने पैसा केला. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर थंडीत न्यू इंग्लंडच्या तळ्यांवरचा बर्फ कापून उन्हाळी देशांना विकायचा. १८३३ च्या मे महिन्यात ‘टस्कनी’ हे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघाले. विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांनी ते हुगळीत आले तेव्हा त्यातला सुमारे शंभर टन बर्फ शिल्लक होता. पुढच्या वर्षी मुंबईतही अमेरिकेचा बर्फ उतरला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिले, यजमान आणि पाहुणे दोघेही सर्दीने आजारी पडले आणि ‘मुंबई समाचार’ने ते छापले, अशी कथा मुंबईच्या इतिहासाच्या पुस्तकांत सांगतात. मद्रासच्या किनाऱ्यावर तर या बर्फासाठी गोल भिंतींचे मोठे घर बांधले होते, ते आजही उभे आहे. विवेकानंद १८९७ मध्ये परदेशातून परतल्यावर तिथे राहिले होते, आणि आता ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

लाकडाचा भुसा आणि जहाजाच्या पोटातली घट्ट रचना यांचा वाटा मोठा होताच. पण मूळ भांडवल होते ते बर्फाच्या खादाडपणाचे. उन्हाळी समुद्रातून चार महिन्यांच्या प्रवासात जे ऐंशी टन वितळून गेले, त्यांनी आत येणारी सगळी उष्णता गिळली आणि उरलेल्या शंभर टनांना शून्यावर ठेवले. ती उष्णता किती? हिशेब केला तर सुमारे २७ अब्ज ज्यूल, म्हणजे एक टन चांगला दगडी कोळसा जाळल्यावर मिळेल तेवढी. हा आकडा लक्षात असू द्या, थोड्या वेळाने तो तोफेच्या संदर्भात पुन्हा लागेल.

त्या व्यापाराची एक खूण आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विकली जाते. एसी घेताना आपण ‘एक टन की दीड टन’ विचारतो आणि पुष्कळांना वाटते की ते यंत्राचे वजन असेल. यंत्राच्या वजनाशी त्याचा काही संबंध नाही. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता ओढेल, त्या वेगाला ‘एक टन’ म्हणतात. आजच्या भाषेत साडेतीन किलोवॅट. दीड टनाचा एसी जोरात चालू असताना खोलीत रोज जवळजवळ चौदाशे किलो बर्फ वितळवत ठेवल्याइतकी थंडाई तो करतो. बर्फाचे व्यापारी गेले, त्यांचे माप मात्र राहिले.

आता पॉट आइस्क्रीमकडे येऊ, कारण इथे वितळण्याची दुसरी बाजू उघडते. लाकडी बादलीत मधोमध डबा, डब्यात आंब्याचा रस आणि आटवलेले दूध, भोवती फोडलेला बर्फ आणि खडे मीठ, आणि हँडल फिरवायला घरातली सगळी पोरे. मिठाने गार होते, असे सगळे म्हणतात. मीठ तर खोलीच्याच तापमानाचे असते, मग गारवा आला कुठून? मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू साध्या पाण्यापेक्षा खाली असतो, पुरेसे मीठ असेल तर उणे २१ अंशांपर्यंत. त्यामुळे मीठ पडताच शून्य अंशाचा बर्फ वितळायला लागतो. वितळायचे तर उष्णता हवी. ती तो जवळून ओढतो, स्वतःतून, बादलीतल्या खारवणीतून आणि डब्यातल्या दुधातून. दूध गोठते, कारण बाहेर बर्फ वितळत असतो. बादलीतला बर्फ वितळू नये म्हणून वर गोणपाट घालून, हँडल न फिरवता ती गार कोपऱ्यात ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांचे आइस्क्रीम जमत नाही, आणि जमणारही नाही.

मीठ आणि बर्फ यांच्यात जे घडते, ते धातूंतही घडते. दोन पदार्थ एकमेकांत मिसळले की मिश्रण बहुतेक वेळा दोघांपेक्षा लवकर वितळते. हे ज्यांना कळले, त्यांना भट्ट्या लहान बांधता आल्या आणि कोळसा कमी लागला. शुद्ध लोखंड १,५३८ अंशांना वितळते. कोळशावर चालणाऱ्या आणि भात्याने फुंकणाऱ्या जुन्या भट्टीला तिथे पोचणे अवघड होते, म्हणून भारतातले जुने लोखंड बहुतांशी वितळलेच नाही. खनिजातला ऑक्सिजन निघून जाई, मळी वितळून वाहून जाई आणि लोखंडाचा स्पंजासारखा गोळा उरे. तो घणाने ठोकून घट्ट करत. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षांपूर्वीचा आणि सहा टनांहून जड आहे. तो कुणी ओतलेला नाही, असले गोळे तापवून एकमेकांवर ठोकून जोडत जोडत केलेला आहे. चीनने वेगळी वाट धरली. लोखंडात चार टक्क्यांच्या आसपास कार्बन शिरू दिला की त्याचा द्रवणांक साडेअकराशे अंशांपर्यंत उतरतो, आणि तेवढे तापमान भट्टीच्या आवाक्यात येते. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास चिनी कारागीर लोखंड साच्यात ओतत होते. आपल्या स्वयंपाकघरातला बिडाचा तवा त्याच जातीच्या लोखंडाचा: ओतायला सोपा, पण हातातून पडला तर तडकणारा.

याच सवलतीवर कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह चालतो. शिट्टी अडकली, पाणी संपले, भांडे तापत गेले, तर व्हॉल्व्हमधले मिश्रधातूचे बूच वितळून वाट मोकळी होते. इमारतींच्या छतावरच्या काही फवाऱ्यांत बिस्मथ, शिसे, कथील आणि कॅडमियम यांचा मिश्रधातू असतो, तो ७० अंशांच्या आसपासच वितळतो. यांतला एकही धातू एकटा असता तर त्याने दोनशे अंशांच्या आत दाद दिली नसती.

मराठी वाचकाने या सवलतीचे सर्वात जास्त देणे लागावे ते छपाईच्या खिळ्यांसाठी. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये मुंबईत खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांनी पोलादात कोरलेल्या ठशांवरून निर्णयसागरची देवनागरी अक्षरे घडली, आणि दोन-तीन पिढ्यांनी संस्कृत आणि मराठी त्या अक्षरांत वाचले. अक्षराच्या सौंदर्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्यामागे एक वितळवण्याची करामत होती, तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. नुसते शिसे ३२७ अंशांना वितळते, पण मऊ असते, दाबाखाली दबते. त्यात बाराएक टक्के अँटिमनी आणि थोडे कथील घातले की ते कडक होते, आणि वितळतेही लवकर, २४० अंशांच्या आसपास. शिवाय थिजताना ते कमी आकसते, त्यामुळे वेलांटीचा बारीक फाटा साच्यातल्यासारखाच उतरतो. शिशाला वितळायला अप्रकट उष्णताही फार थोडी लागते, किलोमागे अवघे २३ किलोज्यूल, बर्फाच्या चौदाव्या हिश्श्याइतकी. म्हणून अक्षरांचा कारखाना चालवायला मोठी भट्टी लागली नाही, ओतणाऱ्यापुढची छोटी कढई पुरली. झिजलेले खिळे पुन्हा त्याच कढईत जात. जुळाऱ्याच्या हातातला ‘क’ आधी कुठल्या पोथीत छापला गेला होता, हे कुणालाही सांगता आले नसते.

आता तोफ. एखादा वक्ता फार दणदणीत बोलला की आपण त्याला मुलुखमैदान तोफ म्हणतो. ज्या तोफेवरून हे नाव आले, ती विजापूरच्या बुरुजावर आहे, पण ती ओतली गेली अहमदनगरात, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात, १५४९ मध्ये, रूमी या तुर्की ओतकाराच्या देखरेखीखाली. वजन सुमारे ५५ टन, धातू कासे. एवढा रस एका भट्टीत मावणारा नव्हे. अनेक भट्ट्या एकाच वेळी तयार ठेवून सगळ्यांचा रस एकाच साच्यात, न थांबता सोडावा लागतो. मध्ये थांबला तर आधीच्या रसावर साय धरते आणि तोफेच्या अंगात एक आंधळा सांधा राहतो, जो पहिल्याच बाराला फुटू शकतो. कासे एकाच अंशाला वितळत नाही, एका अंशाला मऊ व्हायला लागते आणि बऱ्याच वरच्या अंशाला पूर्ण पातळ होते, हीही एक पंचाईत. हे सगळे कुठल्याही थर्मामीटरशिवाय, रसाच्या रंगावर आणि नजरेवर जमवलेले होते.

या तोफेच्या धातूला वितळवायला, भट्टीतली नासाडी बाजूला ठेवली, तर तीस-पस्तीस अब्ज ज्यूल उष्णता लागली असेल. हा माझा ढोबळ हिशेब आहे: तांब्याची उष्णताधारकता, हजारेक अंशांचा चढ आणि वितळण्याचा वाटा धरून केलेला. प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट कोळसा गेला असणार. पण ट्यूडरच्या जहाजातल्या त्या ऐंशी टन बर्फाचा आकडा शेजारी ठेवून पाहा: २७ अब्ज. आशियातल्या सर्वात थोर तोफांपैकी एक वितळवायला जेवढी उष्णता लागली, जवळपास तेवढीच एका व्यापारी जहाजाच्या पोटात चार महिने गुपचूप मुरली. ना धग, ना ठिणगी. खलाशांना दिसले ते फक्त पंपाने उपसायचे पाणी.

तोफा आणि घंटा एकाच कुळातल्या. घंटेत कथील जास्त, तोफेत कमी, म्हणून घंटा खणखणते आणि तोफ तडकत नाही. युरोपात राजे लढाईच्या वेळी चर्चच्या घंटा उतरवून त्यांच्या तोफा ओतत. नार्वाच्या लढाईतल्या पराभवानंतर रशियाच्या पीटरने हेच केले. मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा चर्चच्या पुष्कळ घंटा हाती आल्या. त्यांतल्या काही देवळांत लागल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांपैकीच. त्या वितळवल्या नाहीत, याचे श्रेय सहसा भक्तीला देतात. माझा कल निम्मे श्रेय आवाजाला देण्याकडे आहे. अशी घंटा मोडून पुन्हा ओतायची म्हटली, तर तिचा तो आवाज परत येईलच याची खात्री कुठलाही ओतारी देणार नाही.

ओतकामावरचे सविस्तर प्रकरण पुढे आहे. त्यात दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेला रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा यांचे वर्णन येईल. चारही भरीव ओतलेले आहेत आणि मिळून साठ किलोंहून जास्त वजनाचे आहेत, म्हणजे धातूची चैनच. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातले मेणाच्या साच्याचे वर्णनही तिथेच येईल, कारण त्यात मेणाच्या मूर्तीचे वजन करून धातू किती घ्यायचा हे ठरवण्याची रीत दिली आहे. आजच्या कोल्हापूरकडेही वळावे लागेल. शिरोलीच्या फाउंड्रीत रस ओतणाऱ्याला एक टन लोखंडामागे वीज पाचशे-सहाशे युनिट जाते आणि बिल मालकाला रडवते. त्यात निव्वळ वितळण्याचा, म्हणजे आडव्या रेघेचा, वाटा सत्तर युनिटांच्या आसपास. बाकी सगळी उष्णता वर चढवण्यात आणि भट्टीच्या भिंतींतून गमावण्यात जाते. म्हणजे बर्फाचा नियम लोखंडाला जसाच्या तसा लावता येत नाही. लोखंडात खर्च चढणीवर होतो, बर्फात मुक्कामावर. अॅल्युमिनियम या दोन्हींहून वेगळे: ६६० अंशांनाच वितळते, पण किलोमागे बर्फाहूनही जास्त उष्णता मुक्कामावर घेते.

तूप आणि काच यांच्याबद्दल इथे थोडक्यात. थंडीत तुपाचा डबा चुलीशेजारी ठेवला की ते आधी कडेने पातळ होते, मग मध्ये रवाळ गोळा उरतो, मग सगळे पातळ होते. तुपात अनेक प्रकारची स्निग्धद्रव्ये असतात आणि त्यांचे द्रवणांक वेगवेगळे, म्हणून त्याला एक नेमका अंश नाही. काचेला तर द्रवणांकच नाही, ती फक्त मऊ मऊ होत जाते. जुन्या चर्चच्या खिडक्यांची काच खाली जाड दिसते, कारण काच शतकानुशतके ओघळते, असे अजूनही पुष्कळ पुस्तकांत छापले जाते. ते खरे नाही. जुनी काच बनतानाच कमी-जास्त जाड व्हायची आणि बसवणारे तिची जड बाजू खाली ठेवत.

वितळणे होते तरी का, या प्रश्नाचे उत्तर सगळ्यात अपुरे आहे. १९१० मध्ये फ्रेडरिक लिंडेमान यांनी एक ठोकताळा मांडला: घन पदार्थातले अणू आपापल्या जागी थरथरत असतात, आणि ही थरथर शेजाऱ्यापर्यंतच्या अंतराच्या एका ठरावीक हिश्श्याइतकी झाली की जाळी ढासळते. ठोकताळा चांगला चालतो, पण तो वितळण्याची वेळ सांगतो, वितळण्याची क्रिया नाही. एक गोष्ट मात्र नक्की कळली आहे. शुद्ध पाण्याचे थेंब शून्याच्या खाली, उणे ३८ अंशांपर्यंतही पातळ ठेवता येतात. बर्फाला मात्र शून्याच्या वर घन ठेवता येत नाही, कारण वितळायला सुरुवात पृष्ठभागावर होते आणि पृष्ठभाग प्रत्येक तुकड्याला असतोच. मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्येच ओळखले होते की बर्फाच्या अंगावर, गोठणबिंदूच्या खालीही, पाण्यासारखा एक पातळ थर असतो. बर्फावरून माणूस घसरतो तो दाबाने बर्फ वितळतो म्हणून, असे शाळेत सांगतात. पण एक वातावरण दाब वाढवला तर द्रवणांक एका अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी उतरतो. स्केटिंग करणाऱ्याच्या वजनाला ते झेपणारे नाही. खरे काम या थराचे आणि घर्षणाचे.

राहिल्या हिमनद्या. सह्याद्रीतल्या नद्या पावसाच्या, त्यामुळे मराठी वाचकाला हा विषय हिमालयातल्या कुणाचा तरी वाटतो. आणि वर्तमानपत्रेही आपल्याला फक्त अंश सांगतात: पृथ्वी इतक्या अंशांनी तापली. पण हिमनदीत शिरणारी उष्णता अंशांत दिसतच नाही. शून्याखाली दहा अंशांवरचा एक किलो बर्फ शून्यापर्यंत तापवायला एकवीस किलोज्यूल पुरतात, मग मुक्कामावर ३३४. हिमनदी शून्याला पोचल्यावर तिच्यात कितीही ऊन शिरले तरी तिचे तापमान काही सांगत नाही. सांगते ते फक्त तिचे वजन. म्हणून लाहौल-स्पीतीतल्या छोटा शिग्री हिमनदीवर २००२ पासून अभ्यासक बर्फात काठ्या रोवून दरवर्षी पातळी किती उतरली हे मोजतात. जगभरचे असे हिशेब एकत्र केले तर १९९४ ते २०१७ या काळात पृथ्वीने सुमारे २८ लाख कोटी टन बर्फ गमावला. ऐकताना वाटते, पृथ्वीवर साठलेली जादा उष्णता यातच संपली असेल. प्रत्यक्षात एवढा बर्फ वितळवायला त्या जादा उष्णतेचा तीन टक्क्यांच्या आसपास वाटा लागला. बाकीचा बहुतेक समुद्रात गेला. हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्यांनी २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगाने वस्तुमान गमावले, असे काठमांडूच्या इसिमॉड या संस्थेने २०२३ च्या अहवालात म्हटले आहे.

आडवी रेघ नेहमीच संथ असते असे मात्र समजू नये. ७ फेब्रुवारी २०२१ ला उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात रौंथी शिखराचा एक कडा तुटला. सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ, त्यात बर्फ पाचव्या हिश्श्याएवढाच. तो सगळा ढिगारा सुमारे १,८०० मीटर खाली दरीत कोसळला. नंतरच्या अभ्यासात दिसले की कोसळताना झालेल्या घर्षणाच्या उष्णतेने त्यातला जवळजवळ सगळा बर्फ वाटेतच वितळला, आणि दगडांच्या राशीचा पाणी-चिखलाचा लोंढा झाला. धरण किंवा तलाव फुटलेला नव्हता. ऋषिगंगा आणि धौलीगंगा यांच्या खोऱ्यांत दोनशेहून जास्त माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. जी उष्णता द्यायला उन्हाने महिनोन्महिने घेतले असते, ती खडकांनी काही मिनिटांत दिली. चमोलीवरचे प्रकरण मी शेवटी ठेवले आहे, कारण आधीची सगळी गणिते त्यात एकदम लागतात.

प्रकरणे क्रमानेच वाचली पाहिजेत असे नाही. ओतकामाची आवड असणाऱ्याने थेट तिसऱ्यापासून सुरू करावे. दुसऱ्यात गणित आहे. त्याचा कंटाळा असेल तर आलेख तेवढे पाहून पुढे जाता येईल, पण चमोलीच्या आधी एकदा परत यावे लागेल. तक्त्यांत प्रत्येक पदार्थासमोर दोन आकडे दिले आहेत, पहिला अंशांचा, दुसरा किलोज्यूलचा, आणि दुसरा मुद्दाम ठळक छापायला सांगितला आहे.